यजमान प्रांत आणि राष्ट्रीय अधिवेशन : फैजपूरपर्यंतची वाट

राष्ट्रीय पातळीवरील एखादे अधिवेशन अथवा मेळावा दरवर्षी एकाच शहरी भरवावा, की प्रांताप्रांतांतून फिरता ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. ठिकाण कायम असले म्हणजे मंडप, निवास व पाणी यांची व्यवस्था कायमची होते, अनुभवी माणसे हाताशी राहतात आणि खर्चाचा अंदाज चुकत नाही. उलट दरवर्षी नवे ठिकाण म्हटले की नवी जागा, नवी माणसे, नवी वर्गणी आणि नवा हिशेब आलाच. असे असूनही स्वातंत्र्यपूर्व काळात देशाचे सर्वांत मोठे राजकीय व्यासपीठ असलेल्या राष्ट्रीय सभेने, म्हणजेच काँग्रेसने, आरंभापासून फिरत्या मुक्कामाचाच मार्ग पत्करला. १८८५ साली मुंबईत भरलेली सभा पुढल्या वर्षी कलकत्त्यास गेली, त्यानंतर मद्रासला आणि नंतर अलाहाबादला. अर्ध्या शतकानंतर, १९३६ साली, ती पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी येऊन पोहोचली.

हा प्रवास केवळ एका संस्थेच्या इतिहासाचा भाग नाही. सार्वजनिक कार्यक्रम कोठे भरतो यावर त्यात कोण सहभागी होऊ शकतो, त्याचा भार कोणावर पडतो आणि तो संपल्यावर त्या भूमीत मागे काय उरते, हे ठरत असते. पंचायत समितीचा मेळावा असो, शाळांची क्रीडास्पर्धा असो वा अखिल भारतीय संमेलन असो, यजमानपदाचे मर्म तेच आहे. म्हणून या प्रवासाकडे ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

बाभुळगावहून दिसणारे अंतर

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हे आज तालुक्याचे ठिकाण आहे. येथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिले, तर अधिवेशनाच्या स्थळाचे महत्त्व नकाशावाचूनही ध्यानात येते. त्या काळी या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ साली आले. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ सालीच नागपूरपर्यंत पोहोचला होता, पण यवतमाळला रेल्वे यावयास विसावे शतक उजाडावे लागले. त्यामुळे या भागातील माणसाने बैलगाडीने धामणगावचे स्थानक गाठावयाचे आणि तेथून गाडी धरावयाची, हीच बाहेरच्या जगाकडे जाण्याची मुख्य वाट होती.

धामणगावहून एका दिशेस बडनेरा व अमरावती, दुसऱ्या दिशेस वर्धा व नागपूर. या दोन्ही ठिकाणी जाऊन येणे मध्यम स्थितीतील शिक्षकास वा शेतकऱ्यास शक्य होते. लाहोर, मद्रास वा कलकत्ता येथे जावयाचे म्हणजे मात्र कित्येक दिवसांचा प्रवास, परक्या भाषेच्या मुलखातील मुक्काम आणि खिशाला न पेलणारा खर्च. त्यातही अधिवेशने प्रायः डिसेंबरअखेरीस, नाताळच्या सुटीत भरत. कोर्टे व महाविद्यालये तेव्हा बंद असल्याने वकील व प्राध्यापक यांना ते दिवस सोयीचे होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे ते दिवस कापूसवेचणीचे. म्हणजे दिवस शहरी सुशिक्षितांच्या सोयीचे आणि ठिकाणही दूरचे, अशी दुहेरी अडचण खेड्यातील माणसापुढे होती. दिवस बदलणे सोपे नव्हते. ठिकाण बदलता येण्यासारखे होते.

फिरतीची रीत

राष्ट्रीय सभेच्या फिरतीची एक ठरीव रीत हळूहळू रूढ झाली. चालू अधिवेशनाच्या शेवटी पुढील वर्षासाठी एखाद्या प्रांताचे प्रतिनिधी निमंत्रण देत आणि सभा ते स्वीकारी. त्यानंतर यजमान प्रांतात स्वागत समिती स्थापन होई. निधी गोळा करणे, जागा मिळविणे, मंडप उभारणे, प्रतिनिधींचे निवास व भोजन, स्वयंसेवकांची भरती ही सारी जबाबदारी या समितीची असे. स्वागताध्यक्ष स्थानिक असे. परंतु अधिवेशनाचा अध्यक्ष यजमान प्रांताबाहेरील असावा, असा संकेत पाळला जाई. मुंबईच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष बंगालचे व्योमेशचंद्र बॅनर्जी होते, तर कलकत्त्याच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष मुंबईचे दादाभाई नौरोजी. घर एकाचे आणि मानाचे पान दुसऱ्याचे, या व्यवस्थेमुळे कोणत्याही एका प्रांताचा वरचष्मा होण्यास आळा बसत असे.

स्थलांतराचा पहिला प्रसंग तर सभेच्या जन्माबरोबरच आला. १८८५ चे पहिले अधिवेशन वस्तुतः पुण्यास भरावयाचे होते आणि पुणे सार्वजनिक सभेने त्याची तयारी चालविली होती. परंतु ऐनवेळी पुण्यात पटकीचा प्रादुर्भाव झाल्याने अधिवेशन मुंबईस हलविण्यात आले. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयाच्या इमारतीत ७२ प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय सभेचा आरंभ झाला. सार्वजनिक आरोग्य हा मेळाव्याच्या व्यवस्थेतील पहिला विचार असावा लागतो, ही शिकवण या घटनेत आहे. चारच वर्षांनी, १८८९ साली, मुंबईत पुन्हा अधिवेशन भरले तेव्हा प्रतिनिधींची संख्या वर्षाच्या आकड्याइतकीच, म्हणजे १,८८९ झाली होती. सभेचे घर फिरते असले, तरी तिचा परिवार वाढत होता.

नागपूर आणि अमरावती

मोठ्या बंदरांची व राजधान्यांची शहरे सोडून सभा मध्य भारतात प्रथम आली ती १८९१ साली, नागपूरला. मद्रासकडील पी. आनंद चार्लू हे तेथे अध्यक्ष होते. त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये, अमरावतीस अधिवेशन भरले. वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचा आणि कारभारापुरता इंग्रजांचा मुलूख होता. इलाख्याच्या राजधानीचा दर्जा अमरावतीस नव्हता. अशा गावाने राष्ट्रीय अधिवेशनाचे यजमानपद पत्करणे ही लहान गोष्ट नव्हती. स्वागताध्यक्षपद दादासाहेब खापर्डे यांनी सांभाळले आणि सी. शंकरन नायर अध्यक्ष झाले.

ते वर्षही मोठे कठीण होते. देशाच्या बऱ्याच भागांत दुष्काळ पडून गेला होता, मुंबई व पुणे येथे प्लेगने हाहाकार माजविला होता आणि लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षा झाली होती. प्रतिनिधींची संख्या मुंबईच्या अधिवेशनाच्या मानाने पुष्कळच कमी, सुमारे सातशे होती. पण संख्येवरून या अधिवेशनाचे मोल ठरविणे योग्य होणार नाही. ज्या प्रश्नांची चर्चा वऱ्हाडी माणूस वर्तमानपत्रात वाचत होता, ती आता त्याच्या मुलखात, त्याच्याच लोकांनी उभारलेल्या मंडपात चालली होती. यजमानपदामुळे कार्यकर्त्यांची जी घडण होते, ती ठरावांच्या यादीत नोंदली जात नाही. परंतु पुढील काळात वऱ्हाडातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक जीवनाकडे पाहिले असता तिचा प्रत्यय येतो.

स्थळाची निवड आणि पक्षभेद

फिरत्या यजमानपदाची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. ठिकाण ठरविण्याचा अधिकार हा सत्तेचाच एक भाग असतो. १९०७ चे अधिवेशन नागपूरला भरावयाचे ठरले होते. परंतु तेथील स्वागत समितीत जहाल व मवाळ या पक्षांमध्ये तीव्र मतभेद झाले आणि अखेर अधिवेशन सुरतेस नेण्यात आले. हा बदल केवळ गावाचा नव्हता. नागपूर मध्यप्रांतात, तर सुरत मुंबई इलाख्यात. अध्यक्ष यजमान प्रांताचा नसावा या संकेतामुळे, नागपुरास जे टिळक अध्यक्षपदासाठी पात्र ठरू शकले असते, ते सुरतेस ठरू शकत नव्हते. जो संकेत प्रांताप्रांतांत समतोल राखण्यासाठी होता, त्याचाच परिणाम असा झाला.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेचे अधिवेशन रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले आणि गोंधळात उधळले गेले. राष्ट्रीय सभेत पडलेली ही फूट १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत सांधली गेली नाही. मतभेदांची कारणे अर्थातच अधिक खोल होती; परंतु स्थळ कोणी, केव्हा व कोणत्या नियमाने बदलावयाचे याची स्पष्टता नसली म्हणजे आधीचा अविश्वास किती वाढतो, हे या प्रसंगावरून दिसते. स्थळाची निवड उघडपणे, अगोदर ठरलेल्या क्रमाने व्हावी, हा या घटनेचा व्यावहारिक अर्थ होय.

नागपूर १९२० : यजमान प्रांताची नवी व्याख्या

तेरा वर्षांनी नागपूरला पुन्हा यजमानपद लाभले. डिसेंबर १९२० च्या या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज होते आणि अध्यक्ष सी. विजयराघवाचार्य. प्रतिनिधींची नोंदलेली संख्या १४,५८२ होती. मुंबईच्या पहिल्या बैठकीतील ७२ माणसांशी ही संख्या ताडून पाहिली म्हणजे पस्तीस वर्षांतील पालट स्पष्ट होतो.

असहकाराच्या ठरावामुळे हे अधिवेशन प्रसिद्ध आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेथे संमत झालेली नवी घटना अधिक महत्त्वाची आहे. तोपर्यंत प्रांत म्हणजे इंग्रजी कारभाराने आखलेला प्रांत, असे मानले जाई. नागपूरच्या घटनेने प्रांतिक समित्यांची रचना भाषेच्या पायावर केली. त्यानुसार मराठी मुलखात मुंबई शहर, महाराष्ट्र, मध्यप्रांत-मराठी व वऱ्हाड असे विभाग पडले. प्रतिनिधींची संख्याही मर्यादित करण्यात आली : दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एकाहून अधिक प्रतिनिधी नसावा, असा नियम झाला. चार आणे वर्गणी देणाऱ्यास सभासद होता येऊ लागले.

या दोन बदलांचा परिणाम दूरगामी झाला. पूर्वी ज्या गावी अधिवेशन भरे, त्या गावाच्या आसपासचेच लोक मोठ्या संख्येने प्रतिनिधी होत आणि दूरच्या प्रांतांचा आवाज क्षीण पडे. लोकसंख्येचे प्रमाण ठरल्याने यजमानाच्या संख्याबळास मर्यादा आली. यजमानाने पाहुणचार करावा, परंतु मतांच्या जोरावर सभा आपल्या बाजूस झुकवू नये, अशी तजवीज झाली. शिवाय प्रांताची भाषा हीच समितीच्या कामाची भाषा झाल्याने स्वागत समितीचे काम वकिलांच्या बैठकीतून निघून गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हाती येऊ लागले. वऱ्हाडात लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली प्रांतिक समितीचे काम वाढले. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह चालू असता समुद्रापासून दूर असलेल्या या भागाने पुसद येथे जंगल सत्याग्रहाचा मार्ग घेतला. राष्ट्रीय कार्यक्रमास प्रांत आपले रूप कसे देतो, याचे हे यवतमाळ जिल्ह्यातील ठळक उदाहरण होय.

स्वच्छता व पाणी : बेळगावची विहीर

मोठ्या मेळाव्यांची खरी कसोटी व्यासपीठावर नव्हे, तर मंडपामागे लागते. १९०१ साली कलकत्त्याच्या अधिवेशनास गेलेल्या गांधीजींना तेथील शौचालयांची अवस्था पाहून मोठा खेद झाला आणि त्यांनी स्वतः झाडू हाती घेतला. स्वच्छता हे आपले काम नव्हे, असे तेथील स्वयंसेवक मानीत होते. पुढे गांधीजींच्या प्रभावाखाली अधिवेशनांच्या व्यवस्थेत सफाईस जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या अनुभवात सापडते.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला अधिवेशन भरले. गांधीजींनी राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले ते याच एका अधिवेशनात. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते आणि डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी स्वयंसेवक दलाची बांधणी केली होती. अधिवेशननगरास विजयनगर असे नाव देण्यात आले होते. एवढ्या समुदायास पाणी पुरवावयाचे कोठून, हा प्रश्न होता. त्यासाठी टिळकवाडीत एक मोठी विहीर खोदण्यात आली. मंडप उठला, राहुट्या निघाल्या, पाहुणे आपापल्या प्रांती परतले. विहीर मात्र राहिली. आजही ती काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते.

या विहिरीत यजमानपदाचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे. चार दिवसांच्या कार्यक्रमासाठी होणाऱ्या खर्चाचे दोन भाग असतात. मंडप, तोरणे व भोजन यांवरील खर्च कार्यक्रमाबरोबर संपतो. पाणी, रस्ता, इमारत व प्रशिक्षित माणसे यांवरील खर्च मागे उरतो. पहिल्या भागाची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु दुसरा भाग जितका मोठा, तितके यजमानपद त्या भूमीस लाभदायक ठरते.

फैजपूर : अधिवेशन खेड्यात

अधिवेशने शहरांतच भरत राहिली तर खेड्यांतील बहुसंख्य जनता प्रेक्षकच राहील, असे गांधीजींचे मत होते. म्हणून ती खेड्यात भरवावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यास अनुसरून पहिले ग्रामीण अधिवेशन महाराष्ट्र प्रांताने स्वीकारले आणि पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूरची निवड झाली. डिसेंबर १९३६ मधील या अधिवेशनाचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि स्वागताध्यक्ष शंकरराव देव. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष व्यवस्थेचा भार उचलला. साने गुरुजींनी खानदेशातील खेडोपाडी हिंडून लोकांना या कामी तयार केले.

शहरातील अधिवेशनाची नक्कल खेड्यात करावयाची नाही, हे येथे आरंभीच ठरलेले होते. टिळकनगर या नावाने वसलेल्या अधिवेशननगराची रचना व सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपविण्यात आली होती, आणि मुंबईचे वास्तुशिल्पी म्हात्रे यांचे त्यांना साहाय्य होते. बांबू, चटया, गवत अशी आसपास मिळणारी सामग्री व गावचे कारागीर यांवरच बांधकामाचा भर होता. ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या कामाची प्रशंसा केली. अध्यक्षांची मिरवणूक बैल जोडलेल्या, सजविलेल्या रथातून निघाली. मुंबईत पहिले अधिवेशन जेथे भरले, त्या गवालिया तळ्याच्या परिसरातून पेटविलेली ज्योत धावपटूंनी हातोहात फैजपूरपर्यंत आणली. पहिल्या यजमानापासून पन्नासाव्या अधिवेशनाच्या यजमानापर्यंतचा धागा सामान्य माणसाला दिसावा, यासाठी याहून साधी व प्रभावी योजना सुचणे कठीण होते.

ठिकाण बदलल्याने विषयही बदलला, ही फैजपूरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. अधिवेशनास आसपासच्या मुलखातून शेतकऱ्यांची रीघ लागली होती. सारा व खंड यांत कपात, न परवडणाऱ्या लहान शेतांना सूट, कर्जाच्या बोजापासून दिलासा, शेतमजुरांना योग्य वेतन अशा मागण्या असलेला शेतीविषयक कार्यक्रम येथे संमत झाला. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही प्राध्यापक एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली याच वेळी फैजपूरला भरले. शहरी मंडपात हे ठराव झालेच नसते, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यांच्याविषयी ठराव होतो ती माणसे समोर बसलेली असली म्हणजे ठरावाच्या शब्दांना निराळे वजन येते. फैजपूरने धनाजी नानांची स्मृतीही जपली. पुढे तेथे उभे राहिलेले महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

हरिपुरा व रामगड : दोन इशारे

फैजपूरनंतर हरिपुरा, त्रिपुरी व रामगड येथे अधिवेशने भरली. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. एक्कावन्नावे अधिवेशन म्हणून एक्कावन्न बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. नंदलाल बोस यांनी ग्रामजीवनावर काढलेले चित्रफलक भारतीय कलेच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून बसले. तथापि खेड्यातील अधिवेशनासाठी एवढा थाट व एवढा खर्च व्हावा, हे गांधीजींना रुचले नाही. शहराच्या सोयी उचलून काही दिवसांपुरत्या शेतात नेऊन ठेवणे म्हणजे खेड्यात अधिवेशन भरविणे नव्हे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

मार्च १९४० मध्ये आजच्या झारखंडातील रामगड येथे मौलाना आझाद यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. तेथे मुसळधार पावसाने मैदान जलमय झाले आणि खुल्या अधिवेशनाचे काम थोडक्यात आटोपावे लागले. पक्क्या इमारती असलेल्या शहरात अशा आपत्तीस जो आडोसा मिळतो, तो माळावरच्या नगरात मिळत नाही. हरिपुऱ्याचा इशारा थाटाविषयीचा, तर रामगडचा पूर्वतयारीविषयीचा. लहान गावी मोठा मेळावा नेताना दोन्ही ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आजचे फिरते सोहळे

प्रांताप्रांतांतून फिरण्याची ही रीत राजकारणापुरती मर्यादित नाही. मराठी माणसास तिचा सर्वांत निकटचा परिचय आहे तो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकार संमेलनापासून ही परंपरा सुरू झाली. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळाची स्थापना झाली. पुणे, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील साहित्यसंस्था त्याच्या घटक असून महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. म्हणजे येथे संमेलनच नव्हे, तर संमेलनाचे संचालनही फिरते आहे.

यवतमाळने हे यजमानपद दोनदा भूषविले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये डॉ. अरुणा ढेरे. दोहोंमध्ये सेहेचाळीस वर्षांचे अंतर होते. २०१९ च्या संमेलनाचे उद्घाटन जिल्ह्यातीलच, शेतकरी आत्महत्येचे दुःख सोसलेल्या एका महिलेच्या हस्ते झाले. उद्घाटकाच्या निवडीवरून त्या वेळी मोठा वादही झाला होता. परंतु कापूसपट्ट्यातील शेतकरी कुटुंबाचे दुःख साहित्याच्या व्यासपीठावर प्रथमस्थानी आले, ते संमेलन यवतमाळला होते म्हणूनच.

अलीकडे राष्ट्रीय स्वरूपाचे लष्करी सोहळेही राजधानीबाहेर नेण्यात येऊ लागले आहेत. दिल्लीस होणारे सेनादिनाचे संचलन २०२३ मध्ये बंगळूरला, २०२४ मध्ये लखनौला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यास झाले. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्ग जिल्ह्यात, छत्रपती शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाच्या परिसरात साजरा झाला. दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने जे केवळ ऐकले वा पडद्यावर पाहिले, ते त्याच्या मुलखात प्रत्यक्ष घडणे, यात फिरत्या सोहळ्याचे शिक्षण आहे.

तालुक्याच्या पातळीवर

बाभुळगावसारख्या तालुक्यात राष्ट्रीय अधिवेशन भरण्याचा योग क्वचितच यावयाचा. परंतु केंद्र व तालुका पातळीवरील क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शने, महिला मेळावे व कृषी मेळावे यांचे आयोजन प्रतिवर्षी होतच असते. ते सोयीचे म्हणून नेहमी तालुक्याच्या गावीच ठेवले, तर बाभुळगावचे धामणगावशी व नागपूरशी एके काळी जे नाते होते, तेच आडवळणाच्या वस्तीचे आज बाभुळगावशी राहील. तेथील मुले स्पर्धेस येतील, पण पालक येणार नाहीत. शिक्षक हजेरी लावतील, पण गाव यजमान होणार नाही.

म्हणून यजमान गावाचा क्रम अगोदर ठरवून जाहीर करावा. म्हणजे ऐनवेळच्या बदलास व संशयास जागा राहणार नाही. यजमान गावची समिती गावकऱ्यांचीच असावी, मात्र स्पर्धेचे पंच वा प्रदर्शनाचे परीक्षक दुसऱ्या गावचे असावेत. राष्ट्रीय सभेचा जुना संकेत येथे तंतोतंत लागू पडतो. पिण्याचे पाणी व शौचालये यांची पाहणी मंडपाच्या आखणीपूर्वी व्हावी आणि पाऊस वा रोगराई उद्भवल्यास कार्यक्रम कोठे हलवावयाचा, हेही आधीच ठरलेले असावे. पिकाच्या हंगामाचा विचार तिथी ठरविताना व्हावा. वेचणीच्या ऐन दिवसांत शेतकरी मेळावा ठेवणे हे शेतकऱ्याला वगळण्यासारखेच आहे. आणि खर्चाचे अंदाजपत्रक करताना कार्यक्रमानंतर गावात काय राहणार, याची स्वतंत्र नोंद करावी. दुरुस्त झालेला हातपंप, शाळेचे सपाट झालेले मैदान, वाचनालयास मिळालेले ग्रंथ अथवा मेळाव्याचे काम करून तयार झालेला युवकांचा गट, यांपैकी काहीही या नोंदीत बसू शकेल.

मुंबईतील ७२ प्रतिनिधींपासून फैजपूरच्या शेतकऱ्यांपर्यंत राष्ट्रीय सभेस पोहोचावयास एक्कावन्न वर्षे लागली. त्या वाटेवर स्थलबदलाने फूट पडल्याचे उदाहरण आहे आणि लोक जोडले गेल्याचेही आहे. दोहोंमधील भेद गाव लहान की मोठे, यावर अवलंबून नव्हता. स्थळ कोणत्या हेतूने निवडले आणि तेथील लोकांच्या हाती काम कितपत सोपविले, यावर तो अवलंबून होता. यजमानपद ही वाटून घेण्याची जबाबदारी आहे, ही भावना तालुक्यातील लहानात लहान गावापर्यंत पोहोचली, तर प्रत्येक मेळावा त्या गावात एखादी तरी बेळगावची विहीर मागे ठेवून जाईल.